एजंटाच्या मागचा साहेब

तालुक्याच्या गावातली आयुर्विम्याची शाखा पाहायची तर ३१ मार्चच्या संध्याकाळी पाहावी. त्या दिवशी क्लोजिंग असतं. कॅश काउंटर नेहमीपेक्षा उशिरापर्यंत उघडा. टेबलांवर प्रपोजल फॉर्मचे गठ्ठे, त्यांच्यावर वजन म्हणून ठेवलेले चहाचे कप, वडापावचे तेलकट कागद. या गर्दीत एक माणूस असा दिसतो, की तो काउंटरच्या अलीकडचा की पलीकडचा हे पटकन कळत नाही. काखेत फाइल, फोन कानाला आणि भोवती पाच-सहा एजंट. एकाच्या फॉर्मला वयाचा दाखला नाही. दुसऱ्याच्या पार्टीने चेकवर सही मराठीत केली आहे आणि फॉर्मवर इंग्रजीत. तिसऱ्याची वर्षातली बारावी केस अजून एसटीत आहे. गेल्या मार्चमध्ये एजंट झालेल्यांचं एजन्सी-वर्ष याच सुमाराला संपतं, आणि वर्षाला किमान बारा जणांचा विमा उतरवला नाही तर एजन्सी धोक्यात येते. त्यामुळे फोनवर चाललेलं बोलणं बहुधा असं असतं : ‘कंडक्टरला सांगा, स्टँडवर न जाता पोस्टासमोर उतरवा म्हणावं. मी गाडी घेऊन उभा राहतो.’

या माणसाला एजंट ‘डीओ साहेब’ म्हणतात. कागदोपत्री तो विकास अधिकारी. पॉलिसी घेणाऱ्याला त्याचं नाव बहुतेक वेळा ठाऊक नसतं. त्याच्या दृष्टीने विमा म्हणजे घरी येऊन बसणारा एजंट. हा एजंट कुणाचा नोकर नाही, त्याला पगार नाही, हजेरी नाही. तो स्वतंत्र आहे असं कायदाही मानतो. पण एकट्या माणसाने विमा विकणं म्हणजे एकट्याने मंडप उभारण्यासारखं आहे. एका बाजूचा बांबू धरावा तर दुसऱ्या बाजूचं कापड उडतं. कुणीतरी दुसरी बाजू धरून ठेवावी लागते.

हे धरून ठेवणं म्हणजे नेमकं काय काम, आणि ते करणाऱ्याला पैसे कशाचे मिळतात, हे दोन प्रश्न घेऊन मी गेल्या काही दिवसांत जुने कायदे, जुने निकाल आणि घरातल्या जुन्या वह्या चाळल्या.

वह्या काकांच्या. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि त्याच गल्ल्यावरून त्यांनी पंचवीसेक वर्षं विम्याची एजन्सी केली. लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट वहीत प्रत्येक पार्टीचं एक पान : पॉलिसी नंबर, हप्त्याचा महिना, नॉमिनी, मुलांच्या जन्मतारखा, आणि समासात बारीक अक्षरात ‘ऊस बिल फेब्रुवारीत’, ‘सासऱ्यांशी बोलावे’, ‘दुपारी जाऊ नये, झोपतात’. ही वही कशी ठेवायची ते त्यांना त्यांच्या डीओ साहेबांनी शिकवलं होतं. पहिल्या पानावरची आखणीही साहेबांच्याच हातची आहे.

काकांनी सांगितलेला एक प्रसंग आमच्या घरात अनेकदा उगाळला गेला. एजन्सीचं पहिलंच वर्ष. केस एका जवळच्या मित्राची, रक्कम बऱ्यापैकी. फॉर्मवर आजारांचे प्रश्न ओळीने येतात आणि ओळीने ‘नाही, नाही, नाही’ लिहीत जायची हाताला सवय लागते. मित्र साखरेची गोळी घेत होता. काकांना ते माहीत होतं, मित्राला ते लिहायचं नव्हतं, आणि लिहिणार काकाच होते. साहेब त्या दिवशी सोबत आले होते. त्यांनी पेन काकांच्या हातातून घेतलं आणि त्या रकान्यात ‘होय’ लिहिलं. मग मेडिकल झालं, जादा प्रीमियम लागला, मित्राने ‘एवढे भरायला मी येडा आहे का’ म्हणून हात झटकले. केस गेली. काका साहेबांवर महिनाभर नाराज होते. साहेबांच्या आकड्यांतूनही ती केस गेलीच होती, हे काकांच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या ‘होय’चं मोल कायद्यात शोधावं लागतं. १९३८ च्या विमा कायद्याचं ४५वं कलम २०१५ च्या दुरुस्तीनंतर असं आहे, की पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं उलटली की माहिती लपवली किंवा खोटी दिली या कारणावरून कंपनी ती नाकारू शकत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला तर चौकशी होते. डॉक्टरांची जुनी चिठ्ठी निघते, मेडिकलवाल्याची बिलं निघतात आणि रकान्यात बसून राहिलेलं ते ‘नाही’ विधवेच्या समोर येऊन उभं राहतं. एजंट तेव्हा गावातच असतो. त्याच गल्लीत, त्याच देवळात, त्याच पंगतीत. त्याचा धंदा एका क्लेमने वाढतो आणि एका क्लेमने बसतो. नवशिक्याला हे कुणी सांगायचं? प्रशिक्षणात कलमं शिकवतात, परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. पण मित्राच्या ओसरीवर बसून ‘होय’ लिहायचं धैर्य शेजारी बसलेल्या माणसाकडूनच येतं.

हे शेजारी बसण्याचं काम जुनं आहे. आपल्याकडे राष्ट्रीयीकरणापूर्वी ते ‘चीफ एजंट’ करत. विमा कायद्यात त्याची व्याख्याच होती : जो कंपनीचा पगारी नोकर नाही, पण कमिशनच्या मोबदल्यात तिच्यासाठी संघटन आणि कारभार बघतो आणि एजंट नेमून आयुर्विम्याचा धंदा आणतो, तो चीफ एजंट. मुंबईत १८७४ मध्ये ओरिएंटल निघाली, १९१३ मध्ये साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुल्यांनी वेस्टर्न इंडिया काढली. अशा कंपन्यांना गावोगाव पोचायचं तर प्रत्येक ठिकाणी कचेरी थाटणं परवडणारं नव्हतं. त्या काळच्या धंद्यात एखाद्या वजनदार माणसाला इलाखा तोडून द्यायचा, एजंट त्याने जमवायचे, त्याने सांभाळायचे आणि वरचा वाटा त्याने घ्यायचा, ही सोयीची रीत होती.

अमेरिकेत याच जातकुळीची व्यवस्था ‘जनरल एजन्सी’ या नावाने आजही जोरात आहे. तिथला स्वतंत्र एजंट एकाच वेळी अनेक कंपन्यांच्या पॉलिसी विकतो. मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या माणसाला कोणती कंपनी कमी प्रीमियममध्ये घेईल, कोणाचा फॉर्म कुठे अडतो, वैद्यकीय कागद कुणाकडे पाठवायचे हे सगळं त्याने एकट्याने सांभाळायचं म्हटलं तर विकायला वेळ उरणार नाही. ते जनरल एजन्सी बघते. कंपन्यांशी करार, कोटेशन, प्रशिक्षण, अडलेल्या फाइलींचा पाठपुरावा करते आणि त्याबद्दल तिला कंपनीकडून एजंटाच्या कमिशनखेरीजचा वाटा मिळतो.

आपल्याकडे हा मधला दुवा सरकारने १९५६ मध्ये तोडला. त्यामागे कारणं होती. विमाधारकांचा पैसा मालकांच्या इतर उद्योगांत फिरवला जात असल्याची प्रकरणं बाहेर आली होती. फिरोज गांधींनी लोकसभेत त्यावर तोफ डागली होती. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून देशाला राष्ट्रीयीकरणाची बातमी सांगितली. २४५ भारतीय आणि परदेशी विमा कंपन्या व भविष्यनिधी संस्था एकत्र करून ५ कोटींच्या सरकारी भांडवलावर १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले देशमुख त्या दिवशी मंत्री नव्हते. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता.

महामंडळाच्या कायद्यात ३६वं कलम आहे. त्याने चीफ एजंट आणि स्पेशल एजंट यांचे करार संपवले, आणि त्यांना भरपाई कशी द्यायची तेही ठरवून दिलं. एजंट मात्र राहिले. त्यांच्या पाठीशी उभं राहण्याचं काम तर कुणाला तरी द्यावंच लागणार होतं. ते फील्ड ऑफिसर या पगारी माणसाकडे गेलं. त्यांच्या पगाराच्या आणि नोकरीच्या अटींसाठी १९५७ च्या अखेरीस सरकारने वेगळा आदेश काढला. विमेवाल्यांच्या जुन्या पिढीत तो ‘ब्लू ऑर्डर’ म्हणून ओळखला जाई. पुढे हेच फील्ड ऑफिसर विकास अधिकारी झाले.

विकास अधिकारी हा साहेब की कामगार, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८३ च्या एस. के. वर्मा प्रकरणात न्यायालयाने या पदाची चिरफाड केली. निकालाचा आशय असा : एजंट हे विकास अधिकाऱ्याच्या हाताखालचे नव्हेत. त्याला त्यांच्यावर प्रशासकीय अधिकार नाही. त्याने त्यांचा मित्र, तत्त्वज्ञ आणि वाटाड्या व्हायचं, त्यांना कामाला उत्साह द्यायचा, याउपर काही नाही. म्हणून तो कामगारच. १९९४ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा निकाल आधीचे निवाडे विचारात न घेता दिला गेल्याचं म्हटलं, आणि कामगारपणाचा तो आधार गेला. पण वर्मा निकालात केलेलं वर्णन आजही कुठल्याही शाखेत लागू पडतं. ज्याच्यावर हुकूम चालत नाही अशा माणसाकडून काम करून घ्यायचं, हे या नोकरीचं मर्म आहे.

हे काम दिवसभरात कसं दिसतं? सकाळी एखाद्या गावात नवा एजंट शोधायचा. दुकानदार, पिग्मी गोळा करणारा, अंगणवाडीच्या ओळखीतली बाई. सरकारी नोकराला एजन्सी घेता येत नाही, म्हणून मास्तरांच्या बायकोच्या नावावर घेतलेल्या एजन्सी खेडोपाडी पुष्कळ निघतात. त्यातल्या काही बायका पुढे खरोखरच मास्तरांपेक्षा मोठ्या एजंट झाल्या. मग परीक्षेचं पुस्तक, सराव, परीक्षेच्या केंद्रापर्यंत सोबत. नेमणूक शाखा करते, शिफारस याची. त्यानंतर पहिल्या दहा-बारा घरी एजंटाबरोबर जायचं. दुपारी शाखेत अडलेल्या केसेस. फॉर्म ३०० वर खाडाखोड, नॉमिनीचं नाव आधारवर वेगळं, नव्या लेखनिकाने काढलेली क्वेरी. संध्याकाळी लॅप्स झालेल्या पॉलिसी चालू करायला पार्टीच्या घरी. मध्येच एखादा मृत्यूदावा. तिथे फॉर्म भरण्याआधी बाहेर चपला काढून गप्प बसायचं असतं.

एजंट सगळ्यांत जास्त गळतात ते पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्याचं कारण साधं आहे. पहिल्या वर्षी तो भाऊ, मेहुणा, शाळेतला मित्र, दुकानाचे उधारीवाले यांच्याकडे जातो. ही यादी पंधरा-वीस नावांत संपते. त्यानंतर अनोळखी दार वाजवायचं असतं, आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे वाक्य रोज ऐकायचं असतं. हातात पडणारं कमिशन थोडं, नूतनीकरणाचं अजून तुटपुंजं. दोन दिवाळ्यांनंतर घरचे म्हणू लागतात, हे सोडा आता. त्या काळात एजंटाला तगवतो तो हाच माणूस. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपतमध्ये सुरू झालेल्या विमा सखी योजनेत दहावी झालेल्या महिलांना पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन मिळतं. म्हणजे पहिल्या तीन वर्षांत एजंटाला टेकू लागतो, हे आता महामंडळाने पैशांतच कबूल केलं आहे.

इथवर सगळं गोड आहे. आता दुसरी बाजू.

विकास अधिकाऱ्याचं वर्षाचं पुस्तक उघडलं तर त्यात एक प्रमाण सारखं मोजलं जातं : त्याच्यावर होणारा खर्च आणि त्याच्या एजंटांनी आणलेला नवा प्रीमियम. ते बिघडलं तर वेतनवाढ थांबते, पगार कमी होऊ शकतो, प्रकरण नोकरीपर्यंतही जातं. नवा प्रीमियम भरपूर आला तर इन्सेंटिव्ह मिळतो. म्हणजे काकांच्या मित्राच्या फॉर्मवर ‘होय’ लिहिणं हे साहेबांच्या स्वतःच्या खिशाविरुद्ध होतं. लॅप्स पॉलिसी चालू करायला घालवलेली संध्याकाळ, दाव्याच्या घरी घालवलेली दुपार, यांचं त्या प्रमाणात वजन जवळजवळ शून्य. कामाचा निम्मा भाग मोजमापाच्या बाहेर. तो होतो तो माणसाच्या स्वभावामुळे, आणि सगळ्यांचे स्वभाव सारखे नसतात.

मार्च जवळ आला की ही फट रुंदावते. पहिल्या हप्त्यातला काही भाग एजंटाने पार्टीला परत द्यायचा, ही चाल इतकी मुरली आहे की पार्टी स्वतःच विचारते, ‘किती सोडणार?’ कायद्याच्या ४१व्या कलमाने अशी सूट बंद आहे आणि दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. तरी चालते. सूट देऊन बांधलेली केस दुसऱ्या हप्त्याला बहुधा गळते, कारण दुसऱ्या वर्षी सूट नसते आणि पार्टीला पॉलिसी मुळात नकोच होती. एजंटाची बारा नावं पुरी होतात, साहेबांचं वर्ष पुरं होतं, पॉलिसी तेवढी अर्धी राहते.

माझ्या घरी अशीच एक अर्धी पॉलिसी आहे. कंपनी दुसरी. विकणारा तरुण चुणचुणीत होता. सोबत त्याचा मॅनेजरही आला होता, त्याने लॅपटॉपवर आलेख दाखवले. दुसऱ्या वर्षी हप्त्याच्या वेळी फोन केला तर तरुणाने नोकरी बदललेली, मॅनेजर दुसऱ्या शहरात. शाखेत कुणीतरी म्हणालं, तुमची पॉलिसी ‘ऑर्फन’ आहे. धंद्यात हा रोजचा शब्द आहे. ज्या पॉलिसीचा एजंट निघून गेला ती अनाथ. मी हप्ता भरला नाही. चूक माझीही होतीच. पण त्या दिवशी काकांच्या वहीतल्या समासाची किंमत मला कळली.

२००० मध्ये खाजगी कंपन्यांना दार उघडल्यावर त्यांनी एजंटांमागे पगारी सेल्स मॅनेजर उभे केले. महामंडळानेही अनुभवी एजंटांना इतर एजंट जमवायला आणि घडवायला सांगणारी ‘चीफ लाइफ इन्शुरन्स अॅडव्हायझर’ ही योजना आणली. १९५६ मध्ये मोडीत काढलेल्या चीफ एजंटाचं अर्धं नाव त्यात परत आलं. दरम्यान २०१५ च्या दुरुस्तीने प्रिन्सिपल, चीफ आणि स्पेशल एजंटांवरची बंदी सगळ्या विमा क्षेत्रासाठी पक्की केली आणि साखळी पद्धतीच्या विक्रीलाही मनाई केली. नाव बंद होतं, काम दुसऱ्या दाराने आत येतं.

अमेरिकेसारखा अनेक कंपन्यांचा एजंट आपल्या कायद्यात नाही. व्यक्तिगत एजंटाला एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते. अनेक कंपन्यांची तुलना करून द्यायची तर तो ब्रोकरचा प्रांत. पण २०१५ मध्ये नियामकाने ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ ही सोय काढली. दहावी पास, पंधरा तासांचं प्रशिक्षण, छोटी परीक्षा, आणि ब्रोकरच्या छत्राखाली ठरावीक सोप्या पॉलिसी विकायची मुभा. आरटीओबाहेर टपरीत बसून दुचाकीचा विमा काढून देणारे आता बहुतेक असेच आहेत. मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला की पाच-सहा कंपन्यांचे दर समोर. इथे ब्रोकर कंपनी म्हणजेच आपली जनरल एजन्सी. ती अॅप देते, करार सांभाळते, कमिशन वेळेवर खात्यात टाकते. अपघात झाल्यावर सर्व्हेअरला फोन कोण करणार, हे मात्र त्या टपरीवरच्या पोराच्या स्वभावावर अवलंबून.

महामंडळानेही २०२० मध्ये ‘आनंदा’ नावाचं अॅप काढलं. त्याच्या इंग्रजी विस्तारात ‘आत्मनिर्भर एजंट’ हे शब्द आहेत. फॉर्म मोबाइलवर, ओळख आधारवरून, शाखेत जायची गरज नाही. खाडाखोड संपली, एसटीतली बारावी केस संपली. विकास अधिकाऱ्याच्या दुपारचा मोठा भाग यंत्राने उचलला, आणि ते बरंच झालं. त्या कारकुनीत कुणाचंच भलं नव्हतं. पण आजाराच्या रकान्यात काय भरायचं ते अॅप विचारतं, शेजारी बसून हात धरत नाही.

मग मोजमाप बदलायला हवं, असं मला वाटतं. एजंटाच्या बाबतीत ते थोडं सरकलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये पॉलिसी मध्येच सोडणाऱ्याला जास्त पैसे परत देण्याचे नियम लागू झाले, त्याच सुमाराला महामंडळाने पहिल्या वर्षाचं कमाल कमिशन ३५ वरून २८ टक्क्यांवर आणलं आणि नंतरच्या हप्त्यांवरचं ५ वरून साडेसात टक्के केलं. एजंटांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. नवशिक्याचा पहिला घास लहान झाला, ही त्यांची तक्रार खरीच आहे. पण पॉलिसी टिकवणाऱ्याला जास्त मिळावं, ही दिशाही खरी आहे. पाठीशी उभं राहणाऱ्या माणसाच्या पगारात ही दिशा अजून पुरेशी उतरलेली नाही. पॉलिसी तेराव्या महिन्याला आणि एकसष्टाव्या महिन्याला किती टिकल्या, हे प्रमाण सगळ्या कंपन्या काढतात आणि जाहीर करतात. त्याच आकड्यावर डीओचा, सेल्स मॅनेजरचा, ब्रोकरचा मोठा वाटा ठरला, तर ‘होय’ लिहिणाऱ्याचं नुकसान होणार नाही. आज महामंडळाचेच तेरा लाखांहून अधिक एजंट आहेत. इतक्या माणसांचा खरेखोटेपणा नुसत्या स्वभावावर सोडणं परवडणारं नाही.

काका गेले तेव्हा त्यांच्या नूतनीकरणाच्या कमिशनचा प्रश्न आला. एजंटाच्या पश्चात ते वारसाला मिळतं, पण कागद करावे लागतात. काकूंनी आयुष्यात शाखेची पायरी चढली नव्हती. तेराव्यानंतर चार दिवसांनी दारात जुने डीओ साहेब उभे. निवृत्त होऊन सात वर्षं झालेली, गुडघ्याला पट्टा. त्यांनी लाल वही मागून घेतली, खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसले आणि काकूंना पानं उलटून दाखवू लागले, ‘वहिनी, ही नावं अजून चालू आहेत, हे हप्ते ऊस बिलानंतर येतात, यांना फोन दुपारी करायचा नाही.’ मग फॉर्म काढला, चष्मा पुसला आणि सही कुठे करायची त्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारली. ते आता कुणाच्याच आकड्यांत नव्हते.